कामगार संघटनेची युवा आघाडी : उमरोळी–बोईसर–तारापूर पट्ट्यातील तरुण कामगारांनी काय जाणून घ्यावे?

युवा आघाडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झेंडे, दुचाकी रॅली आणि फलकावरचे फोटो येतात. कामगार संघटनेच्या युवा आघाडीचे काम मात्र वेगळे आहे. ज्या तरुणापर्यंत संघटना कारखान्याच्या आत पोहोचू शकत नाही, त्याच्यापर्यंत ती त्याच्या वस्तीत, खोलीवर आणि स्टेशनवर पोहोचवणे हे ते काम. या लेखात युवा आघाडी म्हणजे काय, पालघर जिल्ह्यात आणि आंबेडकरी चळवळीत तिचे कोणते पूर्वरूप सापडते, आजचा कायदा काय म्हणतो आणि अशी आघाडी कुठे फसते, हे पाहू.

युवा आघाडी म्हणजे काय?

कामगार संघटना तिच्या सभासदांच्या वेतनासाठी, सुरक्षिततेसाठी आणि सन्मानासाठी मालकाशी सामूहिक वाटाघाटी करते. तिच्यातील तरुण सभासदांचा वेगळा विभाग म्हणजे युवा आघाडी, युवा शाखा किंवा युवा समिती. वयोमर्यादा साधारणपणे ३५ वर्षे धरली जाते. आपल्या देशात इंटक, हिंद मजदूर सभा यांसारख्या केंद्रीय संघटनांच्या अशा शाखा वा समित्या आहेत. जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना महासंघाच्या घटनेतच युवा समितीची तरतूद आहे.

राजकीय पक्षाची युवा संघटना आणि कामगार संघटनेची युवा आघाडी यांत फरक आहे. पहिली तरुणाकडे मतदार आणि कार्यकर्ता म्हणून पाहते. दुसरी त्याला कामगार म्हणून ओळखते, मग त्याची जात, भाषा, गाव वा पक्ष कोणताही असो. हा फरक पुसला गेला की आघाडी निवडणुकीपुरती उरते.

उमरोळीचा तरुण कामगार कोण?

उमरोळी हे पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मधले स्थानक. एप्रिल २०१३ मध्ये विरारपुढे डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर या पट्ट्यात चाळी आणि इमारती झपाट्याने वाढल्या. बोईसरला काम आणि उमरोळीला परवडणारी खोली, असे अनेकांचे गणित असते.

बोईसरच्या पश्चिमेला तारापूर औद्योगिक वसाहत आहे. तिथे रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे हजारावर कारखाने आहेत. त्यापलीकडे समुद्रकिनारी १९६९ साली सुरू झालेले तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे. कामाला येणारे तरुण तीन प्रकारचे. एक, इथले आदिवासी, मच्छीमार, कुणबी, बौद्ध कुटुंबांतले. दोन, मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेले. तीन, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले. तिघेही "कंपनीत आहे" असेच सांगतात. पण कोणत्या कंपनीत, असे विचारले तर अनेकदा ठेकेदाराचे नाव पुढे येते.

युवा आघाडीची गरज नेमकी इथे आहे. कायम कामगार संघटनेत असतो. तरुण बहुधा ठेक्यावर, ठराविक मुदतीवर किंवा अप्रेंटिस म्हणून लागतो. सहा-आठ महिन्यांनी त्याला ब्रेक मिळतो आणि तो दुसऱ्या गेटवर उभा राहतो. संघटनेचे सभासदत्व एका कारखान्याशी बांधलेले, आणि तरुणाचे आयुष्य मात्र सगळ्या वसाहतीत विखुरलेले. तो कुठेही कामाला गेला तरी राहायला एकाच जागी परत येतो. म्हणून त्याला जोडायची जागा वस्ती हीच आहे.

या कामात मी पाहिलेला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या भागातल्या एका तरुणाचे बोट मशीनमध्ये गेले. ठेकेदाराने खाजगी दवाखान्यात टाके घालून आणले, हातात काही पैसे ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरीत त्याचे नाव नाही असे सांगितले. त्याच्याकडे नियुक्तीपत्र नव्हते, पगाराची पावती नव्हती, गेट पास आतच जमा होता. मोबाइलमध्ये मित्रांबरोबर कारखान्याच्या गणवेशात काढलेला एक फोटो तेवढा होता. तो तिथे काम करत होता हे सिद्ध करायला त्या फोटोपासून सुरुवात करावी लागली. कुणीतरी पहिल्याच आठवड्यात त्याला कागद मागायला शिकवले असते, तर त्याच्यावर ही वेळ आली नसती.

११ जानेवारी २०२० रोजी तारापूर वसाहतीतील एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा जीव गेला. असे अपघात या वसाहतीला नवे नाहीत. अशा वेळी आत नेमके कोण होते, हे हजेरीच्या कागदावरून कळले पाहिजे. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याच्या घरच्यांना नुकसानभरपाईच्या आधी ओळखीसाठीच भांडावे लागते.

आपल्या इतिहासातील पूर्वरूपे

महाराष्ट्रात कामगार संघटनेची सुरुवात सत्यशोधक परंपरेतून झाली. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. त्यांच्या प्रयत्नांतून १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्या काळी गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता आणि रेल्वेत त्यांच्या वाट्याला गँगमनचेच काम येई. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या संघटना याविरुद्ध का लढत नाहीत, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात औद्योगिक कलह विधेयक आले. संपाला गुन्हा ठरवू पाहणाऱ्या तरतुदींना बाबासाहेबांनी कडाडून विरोध केला. कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामी, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट कामगार संघटना यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. त्या संपात चाळीचाळींतून फिरणारे तरुण स्वयंसेवक होते. त्याआधी १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले होते. शिस्त, संरक्षण आणि वस्तीतला निरोप पोहोचवणे हे काम तरुणांकडे सोपवण्याची पद्धत आपल्या चळवळीत तेव्हापासूनची आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत इंडियन फेडरेशन ऑफ लेबरने कामगार कार्यकर्त्यांचे अभ्यास शिबिर भरवले होते, त्याच्या समारोपात ते बोलले. किती कामगारांनी रूसो, मार्क्स, मिल आणि पोप लिओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे पत्रक वाचले आहे, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी विचारला. राजा-राणीच्या गोष्टी वाचून कामगाराचे भले होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. युवा आघाडीच्या अभ्यासवर्गाचे महत्त्व याहून वेगळे सांगायला नको.

पालघरचा स्वतःचा वारसा : भूमिसेनेची तरुण मंडळे

उमरोळीपासून पूर्वेला महामार्ग ओलांडला की मनोरचा परिसर आणि जंगलपट्टी लागते. १९७० च्या भूमी आंदोलनातून पुढे आलेले काळूराम धोदडे यांनी इथे भूमिसेना उभी केली. सावकारांनी बळकावलेली जमीन, वेठबिगारी आणि किमान वेतन हे तिचे प्रश्न होते. तिने गावोगावी तरुण मंडळे स्थापन केली. शिबिरांत तरुण कायदा समजून घेत, गावात परत जाऊन कोणाला किती मजुरी मिळते याचा हिशेब मांडत आणि मग मजुरांच्या बाजूने उभे राहत. १९७६ साली वेठबिगारीविरोधी कायदा आला, तेव्हा तो गावात आणायला ही मंडळे होती. रोजगार हमीची कामे मागण्यातही ती पुढे होती.

या चळवळीवर १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक गोष्ट ठळकपणे येते. मधल्या एका टप्प्यात बाहेरच्या जाणकारांच्या हाती कारभार गेला, तेव्हा लोक मागे पडले. निर्णय पुन्हा गावातल्या तरुणांच्या हाती आला, तेव्हा चळवळीला बळ मिळाले. कामगार संघटनेची युवा आघाडी उभारणाऱ्या प्रत्येकाने हा धडा लक्षात ठेवावा, मीही त्यात आले. मदत करणाऱ्याने मदत करावी, निर्णय घेऊ नये.

आजचा कायदा काय म्हणतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले, १९२६ चा कामगार संघटना कायदाही त्यांतच. तरुण कामगाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या तरतुदी अशा :

नोंदणी : किमान सात जण संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करू शकतात. मात्र त्या उद्योगातील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असावे लागतात.

वाटाघाटीचा हक्क : एकापेक्षा जास्त संघटना असतील तर आस्थापनेच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार जिच्यासोबत असतील ती एकमेव वाटाघाटी करणारी संघटना ठरते. ठेकेदाराचे कामगार कारखान्याच्या पटावर नसतात. म्हणजे कारखान्यात निम्म्याहून जास्त लोक ठेक्याचे असले, तरी वाटाघाटीच्या मोजणीत ते दिसणार नाहीत. ही अडचण सोडवायची तर संघटना एका कारखान्यापुरती न ठेवता वसाहतभर करावी लागते.

पदाधिकारी : पदाधिकाऱ्याचे वय १८ पूर्ण हवे. संघटित क्षेत्रात बाहेरचे पदाधिकारी एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा पाच, जे कमी असेल तितकेच असू शकतात. याचा अर्थ कामावर असलेल्यांनाच जबाबदारी घ्यावी लागणार, आणि जुने कामगार निवृत्त होत असताना ती तरुणांना शिकून घ्यावी लागणार.

नियुक्तीपत्र आणि वेतन : प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. जादा कामाला दुप्पट दर, मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि काम सोडल्यावर वा काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब, हे कामगाराचे हक्क आहेत. ठराविक मुदतीच्या कामगारालाही एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी लागू होते.

राज्य विमा (ईएसआय) : महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना तो लागू आहे. कामगाराचा वाटा ०.७५ टक्का आणि मालकाचा ३.२५ टक्के. कामावरच्या अपघाताच्या लाभासाठी किती दिवस वर्गणी भरली अशी अट नाही, म्हणजे पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. ठेक्याच्या कामगाराच्या वर्गणीची जबाबदारी अखेर मूळ मालकावर येते.

अप्रेंटिस : १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे बहुतेक कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. पण कारखान्यातील आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाच्या तरतुदी त्यालाही लागू आहेत. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना हा फरक कोणी सांगत नाही.

सुरक्षितता : १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून धोकादायक उद्योगातील कामगाराला आपण हाताळतो त्या पदार्थांची माहिती मिळवण्याचा आणि तातडीचा धोका दिसल्यास तो कळवण्याचा हक्क आहे. नव्या संहितेतही तो कायम आहे.

युवा आघाडीचे रोजचे काम

कायदा माहीत असणे ही सुरुवात. त्याला वस्तीत हातपाय फुटायला हवेत. उमरोळीसारख्या ठिकाणी पुढील पाच कामे छोट्या गटालाही जमतील.

पहिले, कागदांचा रविवार. महिन्यातून एकदा विहारात, समाजमंदिरात किंवा शाळेत बसायचे. प्रत्येकाने नियुक्तीपत्र, पगारपावती, पीएफचा यूएएन क्रमांक आणि विमा क्रमांक दाखवायचा. नसेल तर तिथेच मोबाइलवर तपासायचे. पगारातून पीएफ कापला जातो पण खात्यात जमा होत नाही, हे अनेकांना अशा बैठकीतच पहिल्यांदा कळते.

दुसरे, हजेरीची वही. तारीख, पाळी, किती तास, ठेकेदाराचे नाव आणि कारखान्याचे नाव रोज लिहायचे. साधी शंभर पानी वही चालते. उद्या वाद झाला तर तोंडी सांगण्यापेक्षा रोज लिहिलेली नोंद जास्त वजनदार ठरते.

तिसरे, पाळीनुसार भेट. सायंकाळी सातची सभा ठेवली की दुसऱ्या पाळीचा कामगार कधीच येत नाही आणि रात्रपाळीचा निघायच्या तयारीत असतो. फिरत्या पाळीप्रमाणे बैठकीची वेळही फिरली पाहिजे. लोकलच्या डब्यात रोज भेटणारा गट ही तर तयार बैठकच आहे.

चौथे, मुलींपर्यंत पोहोचणे. पॅकिंग आणि कापड विभागात अनेक तरुणी काम करतात. रात्री परतताना स्टेशन ते घर हा रस्ता, स्वच्छतागृह, मासिक पाळीतील सुट्टी आणि छळाच्या तक्रारीसाठीची अंतर्गत समिती हे त्यांचे विषय पुरुषांच्या सभेत निघतच नाहीत. त्यांची वेगळी बैठक आणि समितीत त्यांच्या जागा आधीपासून ठरवाव्या लागतात.

पाचवे, वस्तीचा प्रश्न कामगाराचा मानणे. २०१८ च्या मूल्यांकनात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तारापूरला अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले. कारखान्यातला कामगार जो वास नाकात घेऊन घरी येतो, तोच वास त्याच्या आईला विहिरीवर येतो. सांडपाण्यामुळे मासेमारी बुडाली असे म्हणणारा किनाऱ्यावरचा मच्छीमार आणि कारखाना बंद झाला तर रोजगार जाईल असे म्हणणारा तरुण कधीकधी एकाच घरात असतात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराच्या वादातही हेच दिसते. युवा आघाडीने या दोघांना एका सतरंजीवर बसवले नाही, तर त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे खूप आहेत.

बाहेरचे एक उदाहरण

जर्मनीत ज्या आस्थापनेत १८ वर्षांखालील कामगार आणि प्रशिक्षणार्थी मिळून किमान पाच जण आहेत आणि कामगार परिषद आहे, तिथे ते मतदानाने आपले वेगळे युवा प्रतिनिधी निवडतात. १९७२ च्या कायद्यात ही तरतूद आहे. कामगार संघटनांचे युवा कार्यकर्ते व्यवसाय शाळांत जाऊन विद्यार्थ्यांना हक्क समजावतात. म्हणजे मुलगा नोकरीला लागण्याआधीच संघटनेला भेटतो. आपल्याकडे कायद्याने असे प्रतिनिधित्व नाही, पण पालघर-बोईसर भागातल्या आयटीआय आणि महाविद्यालयांत जाऊन तासभर बोलायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आघाडी कुठे फसते?

तीन ठिकाणी. पहिले, तरुणांना सतरंज्या उचलायला आणि घोषणा द्यायला बोलावले जाते. मतदान, हिशेब आणि वाटाघाटीच्या टेबलावर मात्र जुनीच माणसे बसतात. असा तरुण दोन वर्षांत निघून जातो. आघाडीला स्वतःचा छोटा निधी, तो खर्च करण्याचा अधिकार आणि संघटनेच्या कार्यकारिणीत मत हवे.

दुसरे, स्थानिक विरुद्ध परप्रांतीय हा वाद. स्थानिकांना काम मिळावे ही मागणी रास्त आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा हक्क पहिला आहे. पण स्थानिकाला कामावरून दूर ठेवण्याचे कारण बिहारचा मुलगा नसतो. कमी पैशांत, कागदाशिवाय काम करून घेता येते हे ते कारण असते. त्या मुलालाही किमान वेतन आणि विमा मिळाला, तर त्याला स्वस्त म्हणून निवडण्याचे कारणच उरत नाही.

तिसरे, जात. कारखान्यात टाकी साफ करायला, गाळ काढायला कोणाला उतरवले जाते, हे आघाडीने डोळे उघडे ठेवून पाहावे. मनमाडला विचारलेला तो सवाल अजून संपलेला नाही. जी संघटना वेतनवाढीसाठी लढते पण टाकीत कोण उतरतो हे विचारत नाही, ती अर्ध्याच कामगारांची आहे.

सुरुवात कशी करावी?

पाच-सात जण पुरेत. एक वही, एक ठरलेला रविवार आणि जवळच्या एखाद्या नोंदणीकृत संघटनेशी संपर्क. पहिल्या बैठकीत भाषण नको. प्रत्येकाने फक्त इतके सांगावे : मी कुठे काम करतो, माझा मालक कोण, आणि माझ्याकडे त्याचा कोणता कागद आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढली की पुढच्या महिन्याचे काम आपोआप समोर येते.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण प्रत्येक जयंतीला म्हणतो. उमरोळीच्या प्लॅटफॉर्मवर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या मुलासाठी त्याची पहिली पायरी आपला विमा क्रमांक पाठ असणे ही आहे. ती त्याला चढायला लावणे आपल्या हातात आहे.

जय भीम!